रॅन्समवेअरच्या दिवशी मदत मागताना

चाकणजवळच्या एका प्रेस-शॉपच्या ऑफिसातून सकाळी फोन आला. मालकांचा पहिलाच प्रश्न होता, "बॅकअपचा पेनड्राइव्ह आहे, लावून बघू का?" अजिबात लावू नका, म्हटलं. नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि मी येईपर्यंत काहीही डिलीट करू नका.

डिझाइनच्या मशीनवर प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अक्षरांचं नवं शेपूट लागलं होतं आणि फोल्डरा-फोल्डरांत 'रीडमी' नावाची चिठ्ठी पडली होती: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. ही 'स्टॉप-डीजेव्हीयू' कुटुंबातल्या रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसची, ओळखच आहे. कंपन्यांपेक्षा घरगुती आणि छोट्या ऑफिसांच्या मशीन्सवरच ते जास्त सापडतं, कारण ते पसरतं क्रॅक केलेल्या, म्हणजे लायसन्सचं बंधन तोडलेल्या, सॉफ्टवेअरमधून. इथंही तसंच झालं होतं. आदल्या संध्याकाळी ड्रॉइंगच्या एका सॉफ्टवेअरचा क्रॅक उतरवला होता, आणि सोबतच्या सूचनेत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं होतं. नंतर विंडोज अपडेटसारखी एक खिडकी बराच वेळ दिसत राहिली. ती खोटी असते. तिच्यामागे फाइली कुलूपबंद होत असतात.

पेनड्राइव्हला मनाई का, तेही सांगतो. हे रॅन्समवेअर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालू करणाऱ्या सोयीत, 'टाइम ट्रिगर टास्क' नावाची नोंद करून ठेवतं आणि दर पाच मिनिटांनी परत चालू होऊन नव्या फाइली शोधतं. त्या मशीनला बॅकअप जोडला की तोही गेला. विंडोजनं स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, तर त्यानं आधीच पुसलेल्या असतात.

मालकांनी तोवर अँटिव्हायरस कंपनीच्या सपोर्टला फोन लावला होता. उत्तर मिळालं: फुल स्कॅन करा, नाहीतर फॉरमॅट मारा. पहिल्या फळीवरचा माणूस समोरच्या कागदावरचंच सांगतो, आणि 'व्हायरस आलाय, फाइली उघडत नाहीत' एवढ्याच माहितीवर त्याच्याकडे दुसरं उत्तर नसतं. स्कॅन व्हायरस काढतं, फाइलींचं कुलूप काढत नाही. फॉरमॅट केलं की उरलेला मागही पुसला जातो. त्यामुळे आधी मशीन बंद करून लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालू केलं, डिस्कची पूर्ण प्रतिमा वेगळ्या हार्डडिस्कवर घेतली आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर केलं.

मग तक्रार नव्यानं, लेखी केली. त्यात लायसन्स क्रमांक, प्रॉडक्टची आवृत्ती, शेवटच्या अपडेटची तारीख आणि संरक्षण किती वाजता बंद झालं ती लॉगमधली नोंद दिली. चिठ्ठी जशीच्या तशी जोडली. दोन कुलूपबंद फाइली आणि त्यांतल्या एकीची मेलमध्ये सापडलेली मूळ प्रत जोडली. रॅन्समवेअरनं या मशीनला दिलेला आयडी जिच्यात असतो, ती सी ड्राइव्हवरच्या 'सिस्टमआयडी' फोल्डरमधली 'पर्सनलआयडी' फाइलही दिली. संशयित प्रोग्राम पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये पाठवला, कारण उघडा पाठवला तर मेलचा सर्व्हरच तो अडवतो. सोबत त्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा अंक-अक्षरांचा ठसा, तोही दिला. सार्वजनिक तपासणी साइटवर फक्त हॅश शोधावा. ऑफिसची फाइल तिथं चढवली तर ती इतरांच्या हाती जाऊ शकते.

एवढं हातात आल्यावर प्रकरण थेट अँटिव्हायरस कंपनीच्या लॅबकडे गेलं आणि नेमकं उत्तर आलं. या कुटुंबात आयडीचा शेवट बघायचा. तो 'टी-वन'वर (t1) संपला तर किल्ली ऑफलाइन, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्यांना सारखीच. ती कुणाकडून मिळालेली असेल तर एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत डिक्रिप्टरनं, म्हणजे कुलूप काढणाऱ्या प्रोग्रामनं, फाइली सुटतात. आमच्या आयडीच्या शेवटी टी-वन नव्हतं. किल्ली ऑनलाइन, म्हणजे हल्लेखोराच्या सर्व्हरवर फक्त याच मशीनसाठी बनलेली. ती गणितानं काढता येत नाही. दरम्यान 'शंभर टक्के डेटा परत, आधी ॲडव्हान्स द्या' म्हणणारे कुणी भेटले होते. ऑनलाइन किल्लीच्या बाबतीत अशी हमी देणारा बहुधा हल्लेखोरालाच पैसे देऊन वर आपलं कमिशन घेतो. त्यांना नाही म्हणा, असं मी मालकांना स्पष्ट सांगितलं. सपोर्टचा नंबरसुद्धा सर्च इंजिनवरून उचलू नये, तो लायसन्सच्या खोक्यावरून किंवा प्रॉडक्टच्या 'हेल्प'मधूनच घ्यावा.

तरी बरंच परत मिळालं, आणि ते या रॅन्समवेअरच्या घाईमुळे. प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच ते कुलूपबंद करतं. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. म्हणून अकाउंटंटनं दर आठवड्याला केलेल्या मोठ्या झिप, शेपूट काढून सेव्हन-झिपमध्ये टाकल्यावर उघडल्या. आतली पहिली एखादी फाइल तुटलेली, बाकीच्या शाबूत. मशीनच्या चाचण्यांचे मोठे व्हिडिओही दुरुस्त झाले. १५० केबीपेक्षा लहान एक्सेल आणि पीडीएफ मात्र पूर्ण गेल्या; त्यांतल्या काही सीएकडून आणि मेलच्या अटॅचमेंटमधून गोळा केल्या.

पासवर्डचं काम मी डेटाच्याही आधी करायला लावलं. याच्यासोबत अनेकदा ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो. म्हणून दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून आधी ईमेल, मग बँक, मग जीएसटी पोर्टल अशा क्रमानं पासवर्ड बदलले आणि सगळीकडचं जुनं लॉगिन बाद केलं.

मालकांची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेला, कळवणंही आलंच. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. सपोर्टसाठी तयार केलेली माहितीच तिथं कामी आली. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवली. खात्यातून पैसे गेले असते तर सगळ्यांत आधी १९३० ला फोन केला असता.

मशीनवर विंडोज नव्यानं टाकलं, या वेळी अधिकृत लायसन्सचं. जुन्या डिस्कची प्रतिमा मात्र पुसू दिली नाही. 'शेड' रॅन्समवेअर चालवणाऱ्यांनी एप्रिल २०२० मध्ये साडेसात लाखांवर किल्ल्या स्वतःच जाहीर केल्या होत्या, आणि ज्यांनी कुलूपबंद फाइली ठेवून दिल्या होत्या त्यांनाच त्या उपयोगी पडल्या. प्रतिमेसोबत चिठ्ठी आणि आयडीची फाइल ठेवली आहे, हार्डडिस्कच्या डब्यावर तारीख लिहून.