हरवलेली पुस्तकं कागदोपत्री हरवताना: माझा अनुभव

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तक हरवणं सोपं आहे. ते हरवलंय हे कार्यालयाकडून मान्य करून घेणं महाकठीण. साठा पडताळणी झाली, गहाळ पुस्तकांची यादी झाली, ग्रंथालय समितीच्या सह्या झाल्या आणि फाइल लेखा शाखेत गेली. तिथे तिने जो मुक्काम ठोकला, तो आठवला की अजून डोकं तापतं. नव्याने चार्ज घेतलेल्या ग्रंथपालांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितेय. थोडी मनातली जळजळही बाहेर पडेल.

पडताळणीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. एकेक कपाट घ्यायचं, बारकोड स्कॅन करत जायचं, साधी टेक्स्ट फाइल करून चढवायची. जे दिसलं नाही ते कोहा बाजूला काढून देतं. वाचकांकडे गेलेली पुस्तकं वगळायची सोय आहे, त्यामुळे देवघेव बंद ठेवावी लागत नाही. मात्र पहिल्या फेरीची यादी कुणालाही दाखवू नका, प्राचार्यांना तर नाहीच. ती नेहमी भलीमोठी असते आणि त्यातली बरीच पुस्तकं हरवलेली नसतातच. काही बाइंडिंगला गेलेली, काही विभागप्रमुखांच्या कपाटात वर्षानुवर्षं नांदणारी, काही रॅकच्या मागे सरकून पडलेली. शिवाय परीक्षा जवळ आली की मुलं आपल्यापुरतं पुस्तक लपवून ठेवतात. आमचे मामा, म्हणजे ग्रंथालयाचे परिचर, म्हणाले, "मॅडम, ज्या कपाटाकडे कुणी फिरकत नाही तिथं बघा." ६५७ या वर्गीकरण क्रमांकाची हिशेबशास्त्राची पुस्तकं ८९१.४६१ मध्ये, मराठी कवितांच्या मागच्या रांगेत, पाठ भिंतीकडे करून उभी होती. दुसरी फेरी मामांच्या डोक्याने करावी, कोहाच्या नाही.

आता लेखा शाखा.

पुस्तकं बाद करायची म्हटलं की निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदींतून कमी करण्याचा, प्रस्ताव ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. आमच्याकडचा नमुना डेड स्टॉकसाठी केलेला. म्हणजे मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले पंखे. रकाने असे: वस्तूचे नाव, खरेदीचे वर्ष, मूळ किंमत, सद्यःस्थिती, दुरुस्तीचा अंदाजित खर्च, लिलावातून अपेक्षित रक्कम. सद्यःस्थितीच्या रकान्यात मी सगळीकडे 'गहाळ' लिहिलं. फाइल परत आली. शेरा: 'सद्यःस्थिती नमूद करावी.'

मी खाली लेखा शाखेत गेले. तिथले भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, गहाळ ही काही स्थिती नव्हे. मोडकी, जीर्ण, वापरास अयोग्य, असं काहीतरी लिहा."

"अहो भाऊसाहेब, पुस्तक समोर नाहीच, तर जीर्ण आहे की धडधाकट ते कसं सांगू?"

"मग बाद कसं करणार? बाद करायला वस्तू लागते."

यावर काय बोलणार? 'वस्तू उपलब्ध नसल्याने स्थिती सांगता येत नाही' असं पुरवणी पत्र जोडलं. फाइल गेली आणि परत आली. लिलावाच्या रकान्यात शून्य का, याचा खुलासा हवा होता. तो दिला. मग पोलिसांत तक्रार केली का? मग किंमत कोणती धरली, खरेदीची की आजची? दर खेपेला एकच शंका. सगळ्या शंका एकदम काढा, हवं तर मी इथेच बसते, असंही म्हणून पाहिलं. "फाइल जशी वाचत जाऊ तशा शंका निघतात, मॅडम," असं उत्तर मिळालं.

माणूस वाईट नव्हता, हे कबूल करायला हवं. तो घाबरलेला होता. सही केली आणि उद्या ऑडिटने पकडलं तर? ही भीती ओळखली की आपल्या बोलण्याचा सूर बदलतो. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ सालीच पहिल्या नियमात सांगून ठेवलंय, मुक्तद्वार ठेवलं, म्हणजे वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं, तर थोडी जाणारच, हे सगळं मी सुरुवातीला ऐकवत होते. लेखा शाखेत त्याला कवडीची किंमत नाही. तिथे नियमाचा क्रमांक लागतो.

तो क्रमांक आहे २१५. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, वीस ते पन्नास हजार असतील तर तीन वर्षांतून किमान एकदा, त्याहून जास्त असतील तर तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी, आणि नमुन्यात तूट अवाजवी दिसली तर पूर्ण. आपल्या कामाचं वाक्य पुढचं: वर्षभरात देवघेव झालेल्या वा वाचनासाठी काढलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गेले, तर ती हानी वाजवी समजावी, मात्र ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. हजार रुपयांहून जास्त किमतीचं पुस्तक, आणि दुर्मीळ असेल तर कितीही किमतीचं, गेलं तर चौकशी व्हायलाच हवी.

हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांचा. आमच्यासारख्या महाविद्यालयात तो जोडून नुसता पुढे केला की "हा आम्हाला लागू कुठे?" हा प्रश्न ठरलेला. म्हणून ग्रंथालय समितीत ठराव करून घ्या की आपण हेच प्रमाण स्वीकारत आहोत, आणि त्यावर प्राचार्यांची मंजुरी घ्या. पडताळणी सुरू होण्याआधी घेतलात तर उत्तमच. मग भाऊसाहेबांच्या हातात नियम नाही, ठराव असतो. ठरावाला ते घाबरत नाहीत.

तरी गाडी आणखी एका जागी अडली. दर हजारी पाच, पण कशाच्या हजारी? भाऊसाहेबांनी फक्त घरी दिलेली पुस्तकं धरली, तीही एकाच वर्षाची. आमची पडताळणी तीन वर्षांनी झालेली. तीन वर्षांत गेलेली पुस्तकं एका वर्षाच्या देवघेवीवर मोजली तर जगातला कुठलाही ग्रंथपाल चोर ठरेल! शिवाय नियमात वाचनकक्षातला वापरही आहे. समजा वर्षाला देवघेव आणि वाचन मिळून बारा हजार झालं, तर साठ पुस्तकं वाजवी. त्यातलं वाचनकक्षातलं पाच हजार वगळलं की आकडा लगेच पस्तीसवर येतो. हा आकडा असा चळतो, म्हणून वाचनकक्षाच्या नोंदी जपा. टेबलावर राहिलेली पुस्तकं कपाटात लावण्याआधी स्कॅन करून परत घ्यायची. ती कुणाच्या नावावर नसली तरी कोहा स्थानिक वापर म्हणून नोंदवतं, तसं सेटिंग तेवढं चालू करावं लागतं. आम्ही ते करत आलो होतो. मामा रोज संध्याकाळी कुरकुरत स्कॅनर फिरवायचे. त्या कुरकुरीनेच मला तारलं. तीन वर्षांचा गोषवारा समोर ठेवल्यावर भाऊसाहेब पहिल्यांदाच म्हणाले, "हे आधी द्यायचं होतं."

मागितलं कुठे होतं, हे मी गिळलं.

गंमत म्हणजे फाइल शेवटी हलली ती यातल्या कशानेच नाही. ऑडिट आलं आणि त्यांनी अहवालात आक्षेपाचा पॅरा टाकला: गहाळ पुस्तकांची यादी तयार असूनही निर्लेखनाची कार्यवाही का झालेली नाही? ज्या भीतीने फाइल धरून ठेवली होती, तीच भीती आता उलट बाजूने आली. दुपारनंतर लगेच मला बोलावणं. चहाही मागवला. सद्यःस्थितीच्या रकान्यात मी लिहिलेलं 'गहाळ' तसंच राहिलं आणि त्यावर सही झाली. मला झालेला आनंद जरा अशोभनीयच होता.

राहिलेल्या गोष्टी, आठवतील तशा. जीर्ण पुस्तकं आणि गहाळ पुस्तकं एका यादीत कधीही घालू नका. जीर्ण पुस्तकांना रद्दीची रक्कम जमा करावी लागते, गहाळांना नाही, आणि दोन्ही एकत्र आली की शंकांना ऊत येतो. हजारावरच्या किमतीची पुस्तकं स्वतंत्र ठेवा, प्रत्येकाची छोटी टिपणी जोडा: शेवटची देवघेव कधी, कुठे शोधलं. मंजुरी मिळाल्यावर कोहातून नोंद पुसून टाकू नका, बाद असा शेरा द्या, म्हणजे इतिहास शाबूत राहतो. दाखल रजिस्टरात, म्हणजे पुस्तक येताच त्याला क्रमांक देऊन नोंदवतो त्या वहीत, शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ठराव क्रमांक आणि तारीख. तो दाखल क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. आणि मंजूर यादीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. निवृत्तीच्या वेळी वसुलीचा विषय निघाला तर कार्यालयातली प्रत सापडेल याचा भरवसा नाही.

बाद झालेल्यांपैकी एक पुस्तक ना-देय दाखल्याच्या वेळी एका मुलाने आणून दिलं, घर आवरताना सापडलं म्हणून. अशा वेळी नवा दाखल क्रमांक देऊ नका. जुन्या शेऱ्यापुढे 'पुस्तक प्राप्त' लिहा, प्राचार्यांची सही घ्या, कोहातला बादचा शेरा काढा. मी भाऊसाहेबांना विचारलं, परत आलेल्या पुस्तकाचा काही नमुना आहे का. ते म्हणाले, "नाही, आणि तुम्ही मागूही नका."