पाबे घाटातलं डावं वळण आणि एबीएसचा दिवा

गेल्या रविवारी पुण्याहून पाबे घाटमार्गे वेल्हे आणि पुढे केळदचा मढे घाट असा बेत होता. सोबत मामा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात गेलेला माणूस. पावसात त्या बाजूला फोर बाय फोर घेऊन जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण आमचा निम्मा दिवस पुढच्या चाकाच्या एका वायरपाशी गेला.

सिंहगड रोडवरून सहाच्या आत निघा. पावसातल्या रविवारी खडकवासला चौपाटीपाशी गाड्या अडकतात. डिझेल पुण्यातच भरा. खानापूरहून डावीकडे पाबे घाटाचा रस्ता लागतो.

घाटातल्या एका डाव्या वळणावर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (नुसतं गरगरणारं चाक आवरणारी) आणि हिल डिसेंट (उतारावर वेग आपोआप धरून ठेवणारी) हे तिन्ही दिवे एकदम लागले. तीन दिवे म्हणजे तीन बिघाड नव्हेत. या तिन्ही यंत्रणा चारही चाकांपाशी बसवलेल्या सेन्सरनी मोजलेल्या वेगावरच चालतात, त्यामुळे एका चाकाची खबर थांबली की तिन्ही बंद. असं झालं तर घाबरू नका. पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र गाडी बाजूला घ्या, पुढे नेऊ नका.

हाच दिवा मे महिन्यात लागला होता. तेव्हा एका गॅरेजने गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचला, सी००४०, म्हणजे पुढचं उजवं चाक, आणि लगेच सेन्सर बदलून दिला. आता पुन्हा तोच कोड. मामा म्हणाला, "नव्या सेन्सरलाही तोच कोड येतोय ना? मग आधी वायर बघ. कोड चाक कुठलं ते सांगतो, काय बिघडलंय ते सांगत नाही."

माझ्याकडे ओबीडी डोंगल होतं, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून फोनवर कोड आणि आकडे दाखवणारं छोटं यंत्र. स्वस्तातल्या बऱ्याच डोंगल-अ‍ॅपच्या जोड्या फक्त इंजिनचे कोड वाचतात. तुमची जोडी एबीएस वाचते का, हे घरूनच बघून निघा. सरळ रस्त्यावर ताशी २५ च्या आसपास चारही चाकांचे आकडे जुळत होते. वळणावर ते वेगळे दिसणारच, बाहेरच्या बाजूची चाकं जास्त पळतात. पण डाव्या वळणावर जे पुढचं उजवं चाक सगळ्यांत जोरात पळायला हवं, त्याचाच आकडा शून्य! सरळ झालो की परत बरोबर. उजव्या वळणावर काहीच नाही.

सपाट जागा बघून गाडी लावली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. मामाने आत टॉर्च मारला. सेन्सरची वायर ज्या क्लिपमध्ये बसते ती क्लिपच जागेवर नव्हती. वायर वळणावर ताणली जात होती आणि टायरला घासत होती. पेराएवढ्या जागेत वरचं रबर झिजून तांबं उघडं पडलं होतं, त्यावर हिरवट गंज. सेन्सर बदलताना क्लिप परत लावली गेली नाही, एवढंच. त्याचा मला अजून राग येतो.

मल्टिमीटर काढला तसा मामाने हात धरला. जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये नुसती कॉइल असते, तिचे ओहम मोजता येतात. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत हॉल किंवा तसाच अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे गाडीकडून वीज घेऊन चालणारा सेन्सर असतो, त्यात ओहम मोजून काही कळत नाही. कनेक्टर काढून इग्निशन चालू करायचं आणि गाडीकडून सेन्सरला पुरवठा येतोय का तेवढं बघायचं. तो येत होता. कनेक्टरमध्ये पाणी नव्हतं, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीसही नव्हता, चाक हलवून पाहिलं तर बेअरिंगमध्ये खेळ नव्हता.

तांबं पुसलं, टेप गुंडाळली आणि केबल टायने वायर टायरपासून लांब बांधली, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरेल इतकी ढील ठेवून. ही डागडुजी घरी पोचण्यापुरतीच.

केळदच्या पुढे चिखलाच्या वाटेवर मात्र गाडी घातली नाही. डिफरेन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी सोय) नसेल तर फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकूनही पुढचं एक आणि मागचं एक चाक नुसतं गरगरू शकतं. त्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवण्याचं काम ट्रॅक्शन कंट्रोलचं, आणि आमच्या टेपवर तेवढा भरवसा नव्हता. गाडी गावात लावून मढे घाटापर्यंत चालत गेलो. तानाजी मालुसऱ्यांचा देह त्यांच्या गावी, उमरठला याच वाटेने नेला असं सांगतात. मामा कड्यापाशी बराच वेळ गप्प उभा होता.

सोमवारी नाना पेठेतून वायरसकट सेन्सर आणि क्लिप आणली. बसवल्यावर दिवा लगेच गेला नाही. बऱ्याच गाड्यांत कोड पुसून थोडं अंतर चालवल्याशिवाय यंत्रणा स्वतःची तपासणी पूर्ण करत नाही. आमचा दिवा शे-दोनशे मीटरवर गेला. त्यानंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, टॉर्च मारून, वायर कुठे घासत नाही ना हे मी स्वतः खाली वाकून पाहिलं.