चतुराचं खरं आयुष्य पाण्याखाली असतं

चतुर आणि टाचण्या (चतुराचे बारीक, नाजूक भाऊबंद) आपल्याला उडतानाच दिसतात, पण बहुतेकांचं जास्त आयुष्य पाण्यात जातं, निम्फ, म्हणजे त्यांचं पाण्यात वाढणारं पिल्लू, काही जातींत तर वर्षानुवर्षं तळाशी राहून डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं, जे सापडेल ते खातं. आणि शिकार कशी करतं बघा, खालचा ओठ चेहऱ्याखाली घडी करून ठेवलेला असतो, तो झटक्यात पुढे फेकून भक्ष्य पकडायचं! चतुराच्या निम्फचे कल्ले चक्क गुदाशयात असतात, तिथलं पाणी जोरात मागे सोडून ते जेटसारखं पुढे सटकतं. टाचणीच्या निम्फला शेपटीशी तीन कल्ले, ओळख पटकन पटते.

तळ्याचे काठ साफ करून सिमेंटने बांधतात ना, ते मला अजिबात पटत नाही, टाचण्या अंडी पाणवनस्पतींच्या आत घालतात, मग त्यांनी जायचं कुठे?