व्हॉल्व बदललेल्या आईचे दात साफ करून घेतले, त्याचा माझा अनुभव

माझ्या आईचा हृदयाचा मायट्रल व्हॉल्व बदललेला आहे, मेटलचा. लहानपणी रुमॅटिक फीव्हर झाला होता त्यातून व्हॉल्व खराब झाला होता. त्यामुळे रोज अ‍ॅसिट्रोम (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू, जोडीला बीपीची अ‍ॅम्लोडिपिन आणि शुगरची गोळी. बरेच दिवस ब्रश करताना तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, खालच्या दातांना आतून किटण धरलेलं, आणि तिचं म्हणणं एकच की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून येतंय, त्यात काय करायचं. नातेवाइकांत पण दोन मतं, कोणी म्हणे हार्ट पेशंट आहे दातांना हातच लावू नका, कोणी म्हणे अर्ध्या तासाचं तर काम आहे. दोन्ही चूक आहेत हे मला या सगळ्यातून गेल्यावर नीट कळलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

नाशिकमध्ये गंगापूर रोडला दातांच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी दाताला हात लावलाच नाही, फक्त प्रश्न. मी उत्तरं द्यायला लागले तर म्हणाल्या ताई तुम्ही थांबा, काकूंना सांगू द्या. आणि हे बरोबर होतं, कारण आईने ज्या गोष्टी सांगितल्या त्यातल्या काही मलाही माहीत नव्हत्या. तंबाखू खाता का, तर नाही. मिश्री लावता का, तर हो, सकाळी लावते की. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण आमच्याकडच्या बायका ती तंबाखूत धरतच नाहीत, त्यामुळे वेगळं विचारलं नाही तर उत्तर मिळणारच नाही. मग कुठल्या गोळीने किंवा इंजेक्शनने कधी अंगावर गांधी उठल्या का, श्वास लागला का, जिना चढताना दम लागतो का, रात्री किती उशा घेऊन झोपता, मागे दात काढला तेव्हा रक्त किती वेळ थांबलं नव्हतं, हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा लावतात ते सलाईन घेतलंय का. हा शेवटचा प्रश्न मला कळला नाही म्हणून विचारलं, तर त्या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून आधीच लिहून ठेवतात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता पेनिड्यूरचा, म्हणजे पेनिसिलीनच्या इंजेक्शनचा. रुमॅटिकच्या पेशंटना दर 21 दिवसांनी हे इंजेक्शन देतात, आईलाही तरुणपणी चालू होतं, आता बंद आहे. मॅडम म्हणाल्या चालू असतं तर स्केलिंगच्या (दातांवरचं किटण काढायच्या) आधी द्यायचं अँटिबायोटिक वेगळ्या जातीचं द्यावं लागलं असतं, कारण तोंडातले जंतू पेनिसिलीनला सरावलेले असू शकतात. इतकं बारीक कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

बीपी दोनदा घेतलं. जिना चढून आल्यावर 164 आलं, पंधरा मिनिटं शांत बसवून परत घेतलं तर 148/86. 180/110 च्या वर असेल तर ज्याची घाई नाही असं काम त्या पुढे ढकलतात. मग तोंडात फक्त आरशाने बघितलं आणि ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, काढायला सांगितला. हिरड्यांत टोचून खोली मोजतात ना, ते त्या दिवशी केलं नाही, कारण त्या टोचण्यानेसुद्धा रक्त येतं आणि तोंडातले जंतू रक्तात जातात, नकली व्हॉल्ववर ते बसले तर इन्फेक्शन जिवावर बेतू शकतं. त्यामुळे मोजमापसुद्धा अँटिबायोटिक घेतलेल्या दिवशीच.

पुढचं काम म्हणजे मुंबई नाक्याजवळच्या आमच्या हार्टच्या डॉक्टरांचं पत्र आणि रिपोर्ट. इथे आमच्या एका नातेवाइकांचा सल्ला सांगायलाच हवा, पाच दिवस अ‍ॅसिट्रोम बंद करा मग जा. हार्टच्या डॉक्टरांनी हे ऐकून आईकडे बघून स्पष्ट सांगितलं की एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, मेटलच्या व्हॉल्ववर गुठळी झाली तर ती हिरडीच्या रक्तापेक्षा कितीतरी भयंकर आहे. हिरडीतलं रक्त दाबून धरून थांबवता येतं. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी टेस्ट) करून घेतला, 2.9 आला, तिच्यासाठी त्यांनी 2.5 ते 3.5 ठरवून दिलेला आहे, त्यामुळे गोळी चालू ठेवूनच करा असं पत्रात लिहून दिलं. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 7.4 आलं, त्यावर मॅडम म्हणाल्या चालेल, पण शुगर वर राहिली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो, दोन्ही बाजूंनी सांभाळा. पुढच्या हिरड्या जरा फुगलेल्या होत्या, त्याला अ‍ॅम्लोडिपिनचाही हात असू शकतो म्हणे. तीही स्वतः बंद करायची नाही, फिजिशियनना विचारायचं.

स्केलिंगला सकाळची वेळ दिली आणि उपाशी येऊ नका, पोहे-बिहे खाऊन शुगरची गोळी घेऊनच या असं बजावलं. सिडकोतून निघतानाच अ‍ॅमॉक्सिसिलीन 500 च्या चार कॅप्सूल एकदम घ्यायच्या होत्या, सुरू करायच्या अर्धा ते एक तास आधी, पण रस्त्यात ट्रॅफिक लागलं तर वेळ चुकेल म्हणून मॅडमनी क्लिनिकमध्ये आल्यावरच घ्यायला लावल्या आणि मग आम्ही बाहेर बसून राहिलो. प्रत्यक्ष काम निम्म्या तोंडाचंच केलं, रक्त आलं पण गॉज दाबून थांबलं. उरलेलं दहा-बारा दिवसांनी, लगेच परत तेच अँटिबायोटिक नको म्हणून.

घरी येताना दोन गोष्टी लिहून दिल्या त्या मी फ्रिजवर लावल्यात. दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, अ‍ॅसिट्रोमवर असताना कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोसारखी दुखण्यावरची गोळी अजिबात नाही, रक्तस्राव वाढतो. आणि पुढच्या काही आठवड्यांत विनाकारण ताप यायला लागला तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घ्यायचं नाही, आधी हार्टच्या डॉक्टरांकडे, म्हणजे ते ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी) करू शकतील.

आता हिरड्यांचं रक्त जवळजवळ थांबलंय, मिश्री सोडायची तयारी आईने दाखवली आहे. तीन महिन्यांनी परत बोलावलंय आणि तेव्हा सगळे प्रश्न पुन्हा विचारणार आहेत, कारण मधल्या काळात गोळ्या बदललेल्या असतात. दिंडोरीच्या मावशीला स्टेंट बसलाय, तिलाही आता घेऊन जातेय. स्टेंटला व्हॉल्वसारखं आधी अँटिबायोटिक लागत नाही असं मॅडम म्हणाल्या, पण गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, नुसती नावं सांगू नका.