माझं वर्ष आषाढात बदलतं

"ताई, वर्षाचं टार्गेट तुम्ही कसं ठरवता? आणि ते झालं की नाही, हे कधी बघता?" प्रदर्शनात शेजारी स्टॉल लावणाऱ्या बायका विचारतात, बचत गटातल्या विचारतात. परवा तर मी ज्यांच्याकडून खोबरं घेते त्यांच्या मुलीनं विचारलं. ती लोणची सुरू करतेय. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर दरवेळी अर्धवट राहतं, कारण मध्येच कुणीतरी अर्धा किलो चटणी मागतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट बसून सांगते.

माझा धंदा कोल्हापुरी कांदा-लसूण चटणीचा. बाहेरगावचे लोक तिला मसाला म्हणतात, आमच्याकडे ती चटणीच. २०११ मध्ये घरच्या चटणीबरोबर चाळीस किलो जास्तीची कांडून आणली होती. आता चार बायका कायम कामाला आहेत आणि सीझनला अकरा होतात. तर पहिली गोष्ट ही, की वर्षाचं काही ठरवायला मी जानेवारीत बसत नाही, एप्रिलमध्ये नाही आणि पाडव्यालाही नाही. मी आषाढात बसते.

त्याचं कारण मिरचीत आहे. नवी मिरची बाजारात जोर धरते ती जानेवारी-फेब्रुवारीत. रंगासाठी ब्याडगी, चवीला गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी, तिखटपणाला थोडी लवंगी किंवा गुंटूरकडची. ऊन तापलं की वाळवायची, देठं खुडायची, घट किती आली ते बघायचं आणि कांडपाला लावायची. घराघरांत वर्षाची चटणी पावसाआधी भरून ठेवायची रीत असल्यामुळे मार्च ते मे आम्हाला जेवायला बसायलाही सवड नसते. मृगाचा पाऊस सुरू झाला की सगळं थंडावतं. तोवर किती विकलं, किती बरण्यांत हिंगाचे खडे घालून ठेवलं, कुणाकडून पैसे यायचेत, हे सगळं समोर मांडलेलं असतं.

आता ३१ मार्चला काय दिसतं ते बघा. सीएंना ताळेबंद त्याच तारखेचा लागतो, तो मी देते. पण त्या दिवशी माझा सगळा पैसा मिरचीच्या पोत्यांत असतो. बँकेत खडखडाट, गोडाऊन छताला लागलेलं. तो कागद बघून मी खूश व्हावं की घाबरावं, हे मला कधीच कळलं नाही. सरकारला त्या तारखेचा हिशेब हवा आहे, तो चोख द्यायचा. पण पुढच्या वर्षी काय करायचं, हे मी त्या कागदावरून ठरवत नाही.

आषाढात पंचगंगेला नवं पाणी येतं. गल्लीगल्लीतून कलश घेऊन बायका-मुली पी ढबाक या वाद्यांच्या सुरात टेंबलाई देवीला नवं पाणी वाहायला निघतात. माझ्या धंद्याचं नवं वर्ष तेच, असं मी मानते. कारखान्यात मशीन बंद असतं, बायकांच्या हाताला सवड असते आणि उन्हाळ्यात काय चुकलं ते अजून ताजं असतं. लोणच्याच्या त्या मुलीला मी हेच सांगितलं, की तुझं वर्ष कैऱ्यांचा मोसम संपला की बदलेल, तेव्हा वही उघड. दिवाळी फराळ करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचं वर्ष कार्तिकी पौर्णिमेनंतर बदलतं. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यांचं अनंत चतुर्दशीनंतर बदलत असणार. आपला हात कधी मोकळा होतो आणि माल-पैसा दोन्ही कधी दिसतात, ते आधी शोधायचं.

हे मला सुरुवातीपासून कळत होतं असं नाही. २०१५ च्या १ जानेवारीला मी नव्या डायरीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'यंदा पाच टन.' आदल्या वर्षी तीन टनांच्या आसपास झाली होती. आणि झाली पाच टन! डिसेंबरअखेर ५,१०० किलो. घरात पेढे वाटले. पुढच्या महिन्यात नवी मिरची आली, भाव चांगला होता आणि माझ्या खात्यात अकरा हजार रुपये होते. उधारी होती ४ लाख ६० हजार. विकलेल्या दर चार किलोंतल्या एका किलोचे पैसे दुसऱ्याच्या खिशात होते. त्यातले २ लाख १० हजार तर परगावच्या एकाच दुकानाकडे. पाच टनांचा आकडा गाठायचा म्हणून मी त्यांना मागतील तेवढा माल देत गेले होते. त्या सीझनची मिरची मी पाटल्या गहाण ठेवून घेतली. त्या दुकानाकडचे शेवटचे पैसे यायला पावणेदोन वर्षं लागली.

पाच टन हे उद्दिष्ट चुकीचं होतं, कारण ते पूर्ण करणं माझ्या हातात नव्हतं. ते दुकानदारांच्या हातात होतं, आणि त्यांना राजी करायला मी माझ्याकडे होतं ते सगळं देऊन टाकलं. तेव्हापासून वहीत मी विक्रीचा आकडा लिहीत नाही. मी काय करणार, हे लिहिते. तेही तीनच ओळींत. चौथी ओळ लिहिली त्या प्रत्येक वर्षी चारांपैकी दोनच झाल्या आहेत.

उदाहरण देते. त्या अनुभवानंतरच्या आषाढात पहिली ओळ होती : 'जुनं बिल मिटल्याशिवाय नवा माल गाडीत चढवायचा नाही, ओळख कितीही असो.' यात आकडा नाही, पण रोज सकाळी गाडी भरताना मला कळतं की मी ते करतेय की नाही. वर्षभरात दोन गिऱ्हाईकं तुटली. उधारी मात्र निम्म्याच्या खाली आली. पुढे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सुरू झाल्यावर ती केली (२०२० पासून आहे, पैसे लागत नाहीत) आणि तो नंबर बिलावर छापला. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्याचा खरा उपयोग झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत भागवलं नाही, तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे देईल त्या वर्षीच आयकरात दाखवता येतो. मुदत म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. मोठ्या दुकानांचे अकाउंटंट आता मार्चमध्ये स्वतःहून फोन करतात. हे माल तयार करणाऱ्यांसाठी आहे, नुसत्या खरेदी-विक्रीला ते लागू होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

वहीची रीत साधी आहे. डाव्या पानावर तीन ओळी, उजवं पान कोरं. पुढच्या आषाढात उजव्या पानावर तीन उत्तरं लिहायची : झालं की नाही, का, आणि आता पुन्हा लिहायचं का. 'का' या शब्दापुढे मी निदान पाच ओळी लिहिते. 'वेळ मिळाला नाही' एवढंच लिहिलं, तर पुढच्या वर्षीही तेच लिहावं लागतं.

२०१९ चं पान मी कधीतरी तुम्हाला दाखवीन. जुलैत तीन ओळी लिहिल्या. पहिली होती नवीन पॅकिंग मशीनची. महिनाही झाला नाही तोच ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तळमजल्यावरच्या आमच्या गोडाऊनमध्ये कमरेएवढं पाणी होतं. सोळा पोती मिरची आणि धणे गेले. त्यातून उभं राहून फेब्रुवारीत खरेदी केली, आणि २५ मार्चला, पाडव्याच्याच दिवशी, लॉकडाऊन सुरू झाला. कांडप बंद, गाड्या बंद, ऐन सीझन. एकाच पानावर दोन्ही.

पुढच्या आषाढात ते पान समोर घेऊन बसले, तेव्हा फाडून टाकावंसं वाटलं. फाडलं नाही. उजव्या पानावर लिहिलं : पॅकिंग मशीन झालं नाही, पूर. दुसरी ओळ झाली नाही, लॉकडाऊन. मग खाली लिहिलं की न ठरवता काय झालं. चारी बायकांचा पगार एकही महिना चुकला नाही. पोती आता जमिनीपासून सात फुटांवर लोखंडी रॅकवर आहेत. लॉकडाऊनमध्ये चटणी हवी म्हणून फोन करणाऱ्या १४० घरांचे पत्ते जमले. तेव्हापासून उजव्या पानाखाली 'न ठरवता झालेलं' हा रकाना कायमचा आला. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा एकही पोतं भिजलं नाही. त्या रॅकची ओळ मी कधीच उद्दिष्ट म्हणून लिहिली नव्हती.

एक उद्दिष्ट मी सलग तीन वर्षं लिहिलं, त्याबद्दल सांगायलाच हवं. आमच्या चटणीची चव भाजण्यात आहे. कांदा किती काळपट लाल करायचा, तीळ कधी उतरवायचे, धण्यांचा वास कुठे बदलतो, खसखस जळायच्या आत कशी काढायची, हे सगळं मी एकटी करत होते. मला ताप आला की कारखाना बंद. २०२१ ला लिहिलं : 'भाजायचं काम आक्कांकडे.' आक्का आमच्याकडे पहिल्यापासून आहेत, माझ्याहून वयानं मोठ्या. वर्षानं उजव्या पानावर लिहिलं : झालं नाही, सीझनला शिकवायला सवड नव्हती. २०२२ ला पुन्हा तीच ओळ, या वेळी दिवाळीनंतरच्या रिकाम्या दिवसांत शिकवायचं ठरवून. शिकवलंही. तरी उत्तर आलं : झालं नाही. आक्का भाजतात, पण मी शेजारी उभी असते.

दोन्ही उत्तरं एकाखाली एक वाचली तेव्हा अडचण कुठे आहे ते दिसलं. आक्का केव्हाच शिकल्या होत्या. मला तिथून हलता येत नव्हतं. म्हणून २०२३ ला ओळ बदलली : 'सीझनमध्ये सलग बारा दिवस कारखान्यात जायचं नाही.' पुढच्या एप्रिलमध्ये लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले आणि बारा दिवस राहिले. पहिले तीन दिवस सारखा फोन हातात होता, नंतर नातीनं सवड दिली नाही. आठव्या दिवशी आक्कांचा फोन आला : "एका घाण्याचं खोबरं जास्त गेलं होतं. मी ते चटणीत घातलंच नाही, बाजूला ठेवलंय. दुसरं भाजून घेतलं." मी असते तर ते बाजूला काढायचं की चालवून घ्यायचं यावर दोनदा विचार केला असता. त्यांनी केला नाही. त्या वर्षीच्या उजव्या पानावर 'झालं' या शब्दाशेजारी मी आक्कांची सही घेतली आहे.

पण तीनदा लिहूनही न झालेली प्रत्येक ओळ अशी नसते. 'दुबईला माल पाठवायचा' ही ओळ २०१६ पासून तीन वर्षं होती. तिसऱ्यांदा 'का' लिहायला बसले, तेव्हा पाच ओळीसुद्धा सुचेनात, कारण मी त्यासाठी एक फोनही केला नव्हता. ते स्वप्न माझ्या धाकट्या दिरांचं होतं. त्यांनी जेवताना सांगितलं आणि मी ते माझं समजून लिहिलं. ओळ खोडली. तुमच्याही वहीत अशी एखादी असेल. ती कुणी सांगितली होती, ते आठवून बघा.

मध्ये दोनदा वही उघडते. दिवाळीनंतर थोडा वेळ, आणि संक्रांतीच्या आठवड्यात, मिरची घ्यायच्या आधी. दुसऱ्या खेपेला फक्त उधारीची ओळ वाचते, कारण त्यावर ठरतं की किती पोती घ्यायची.

यंदाचं डावं पान अजून पूर्ण झालेलं नाही. पहिली ओळ आहे, देठं खुडणाऱ्या बायकांना बसायला पाठ टेकता येईल अशी सोय. उन्हाळाभर त्या जमिनीवर बसतात आणि जूनमध्ये सगळ्यांच्या कंबरा गेलेल्या असतात. दुसरी आहे, रोजचा हिशेब मोबाइलवर मी स्वतः भरणं, लेकाला न सांगता. तिसरी ओळ या वर्षी आक्का सांगणार आहेत. त्या म्हणाल्या, शुक्रवारी टेंबलाईला पाणी वाहून आले की सांगते.