डिचोलीचे घोडे आणि मामांचा ठेंगू

चोर्ला घाट उतरताना मामांनी तिसऱ्यांदा विचारलं, "कापडाचे घोडे बघायला एवढा आटापिटा?" पुण्याच्या रेसकोर्सवर आयुष्य काढलेला माणूस. जो चार पायांवर धावत नाही, त्याला ते घोडा म्हणत नाहीत.

डिचोलीत पोचलो तर ढोल-ताशे घुमत होते. शिगम्यातली घोडेमोडणी! बांबूचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे लाकडी तोंड, गळ्यात अबोलीच्या माळा. हा घोडा कमरेला बांधायचा, डोक्याला फेटा, हातात तलवार, आणि तालावर पुढे-मागे झेपावत राहायचं. सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्यानं पोर्तुगीजांशी घेतलेल्या झुंजीची ही आठवण, असं सांगतात. एक पोरगा बाकीच्यांच्या खांद्यालाही लागत नव्हता, पण सगळ्यांत जास्त उसळत होता तो त्याचाच घोडा. मामा टक लावून बघत राहिले. मग पुटपुटले, "नॉर्दर्न डान्सर."

सकाळी भाजी-उंड्यासोबत तो आख्खा घोडा बाहेर आला.

नॉर्दर्न डान्सर हा शर्यतीचा घोडा. जन्म कॅनडातल्या ओशावाचा, 27 मे 1961. शर्यतीच्या घोड्यांचं वय 1 जानेवारीपासून धरतात, म्हणजे मेमधलं शिंगरू आधीच मागे. त्यात बुटकं. मालक टेलरनी 25,000 डॉलर किंमत लावली, कुणी घेतलं नाही. झक मारत स्वतःच ठेवलं.

"आणि शूमेकर!" मामा उंडा तोडायचा थांबले. एवढा नामांकित जॉकी, फ्लोरिडा डर्बी याच्याच पाठीवर जिंकलेला. पण केंटकी डर्बीसाठी त्यानं धिप्पाड हिल राइज निवडला. 1964 च्या त्या शर्यतीत ठेंगू बिल हार्टॅकला घेऊन दोन मिनिटांत आला. बरोब्बर दोन मिनिटं, विक्रम. हिल राइज फक्त एका मानेनं मागे. मामांचा जन्मही तेव्हा झाला नसावा, पण सांगताना त्यांची मान पुढे आली होती.

पुढे प्रीकनेस जिंकली, बेलमाँटला तिसरा, घरी जाऊन क्वीन्स प्लेट जिंकली आणि पायाचा कंडरा दुखावला. 18 शर्यती, 14 विजय, खेळ खलास.

"खरा खेळ तर तिथून सुरू झाला." पैदाशीला लावला, पुढे मेरीलँडला नेला. घोड्या उंच, हा बुटका. म्हणून त्याला उभं राहायला खास उंचवटा केला होता म्हणे. (शेजारच्या टेबलावरच्या काकू इथे उठून गेल्या.) त्याचा निजिन्स्की 1970 मध्ये इंग्लंडचा ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच हंगामातल्या तीन मोठ्या शर्यती, जिंकला, त्यानंतर आजवर कुणालाच जमलेलं नाही. ऐंशीच्या दशकात आपली घोडी याला एकदा दाखवायला लोक दहा लाख डॉलरपर्यंत मोजायचे, तेही शिंगरू होईल याची हमी नसताना. 1983 मध्ये त्याचं एक पोरगं, स्नाफी डान्सर, एक कोटी दोन लाख डॉलरला गेलं. ते इतकं मंद निघालं, की शर्यतीत उतरवलंच नाही. पैदासही जेमतेम.

"आणि रझीन?" मी मुद्दाम विचारलं.

मामा हसले. हाही त्याचाच मुलगा. 1990 च्या एप्सम डर्बीत सगळ्यांचा पैसा याच्यावर, आणि हा कुठल्या कुठे मागे. मग भारतात उषा स्टड या पैदास केंद्रात आला आणि बापाच्या वळणावर गेला. इथल्या पैदाशीच्या यादीत अनेकदा पहिला. "त्याच्या पोरांनी मला फ्रिज दिला. आणि परतही नेला."

दुपारी जुन्या गोव्यात गेलो. मामांना चर्चमध्ये रस नव्हता. होर्मुझहून अरबी घोडे जहाजानं गोव्यात यायचे, विजयनगर आणि विजापूर दोघंही गिऱ्हाईक, आणि घोड्यांच्या जकातीवर पोर्तुगीजांची तिजोरी भरायची, हे मी सांगितल्यावर मात्र ते ताठ बसले. त्यांच्या ठेंगूचा मूळपुरुषही अरबच, डार्ली अरेबियन, 1704 मध्ये अलेप्पोहून इंग्लंडला नेलेला.

व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली मांडवीच्या धक्क्यावर आलो. दिवाडीची फेरीबोट लागत होती. फळी पडली, स्कूटर एकेक करून उतरू लागल्या. मामा हात मागे बांधून, शर्यतीआधी पॅडॉकमध्ये घोडे बघावेत तसं, प्रत्येकीकडे बघत होते.