फॅन फिरतात, डिस्प्ले नाही: बी४५०वर ५७००एक्स चढवतानाची नोंदवही

जुन्या संगणकाची मांडणी: रायझन ५ २६०० (प्रोसेसर, म्हणजे सीपीयू), चार रॅम स्लॉटचा बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३००० स्टिक, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), साटा एसएसडीवर विंडोज १०. नवीन भाग: रायझन ७ ५७००एक्स, १६ जीबीच्या दोन डीडीआर४-३६०० सीएल१८ स्टिक, आरएक्स ६६०० एक्सटी आणि क्लिपने अडकणारा टॉवर कूलर. बोर्ड, एसएमपीएस आणि एसएसडी जुनेच ठेवले.

वॉटचा हिशोब आधीच केला होता. ५७००एक्सचा टीडीपी (कंपनीने जाहीर केलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॉट असला तरी सॉकेटमधून तो ७६ वॉटपर्यंत घेतो. कार्डाचे १६० धरले आणि बोर्ड, एसएसडी, पंखे मिळून आणखी ५०-६० धरले, तरी बेरीज ३००च्या आसपासच राहते. त्यामुळे ५५० वॉटवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. असं असूनही डिस्प्ले आला नाही की बहुतेकांचा हात आधी एसएमपीएस बदलण्याकडे जातो.

खरी चूक वेगळी होती: सगळे नवे भाग एकाच बैठकीत बदलले. पुढे जे दोष निघाले ते एकाखाली एक दडलेले होते. वरचा काढल्याशिवाय खालचा दिसत नव्हता.

नोंद १: पंखे फिरतात, सीपीयूचा दिवा लागलेला

बटण दाबल्यावर सगळे पंखे फिरले. मॉनिटर काळाच राहिला आणि बोर्डावरच्या चार डीबग दिव्यांपैकी सीपीयूचा दिवा लागून राहिला. या दिव्यांचा क्रम सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असा असतो. रंग बोर्डागणिक बदलतात, क्रम बदलत नाही. ज्या दिव्यावर गाडी अडते, त्याच्या आधीचे टप्पे पार पडलेले असतात. दिवे नसलेल्या बोर्डाला चार पिनांचा छोटा बझर लावावा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर तो किरकोळ पैशांत मिळतो आणि बीपचा अर्थ मॅन्युअलमध्ये छापलेला असतो.

सीपीयूच्या दिव्यावर आधी दोन गोष्टी पाहिल्या. सीपीयूची ४+४ पिनांची केबल वरच्या डाव्या कोपऱ्यात शेवटपर्यंत बसलेली होती. ही केबल आणि ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिनांची केबल दिसायला सारख्या, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड दोन्हींत उलट बाजूंना असतात. खाचांचे आकार वेगळे ठेवलेत ते त्यासाठीच. जोर लावून एकीच्या जागी दुसरी बसवली तर बोर्ड जातो. दुसरी गोष्ट बायॉसची, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती, आणि अडचण तिथेच होती. बायॉस २०१९ची. ४०० मालिकेच्या बोर्डांना रायझन ५०००चा आधार २०२१च्या सुरुवातीपासून सर्रास मिळू लागला आणि ५७००एक्स तर एप्रिल २०२२ची चिप. जुन्या बायॉसला ती ओळखताच येत नाही, त्यामुळे पोस्टची (चालू होतानाच्या स्वतपासणीची) सुरुवातही होत नाही.

बोर्डाला फ्लॅशबॅकचं बटण असतं तर काम सोपं होतं. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करायचा, बायॉसची फाइल बोर्ड कंपनीने सांगितलेल्या नावाने त्यात ठेवायची, २४ पिनांची आणि सीपीयूची केबल लावायची, ठरलेल्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह घालून बटण दाबायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत काही मिनिटं हात लावायचा नाही. सीपीयू, रॅम नसले तरी हे होतं. या बोर्डाला ते बटण नाही, म्हणजे २६०० परत बसवणं आलं.

नोंद २: जुना सीपीयू परत, बायॉस नवा

२६००, जुनी रॅम आणि जुनं कार्ड लावल्यावर यंत्र पहिल्या झटक्यात विंडोजपर्यंत गेलं. एसएमपीएस, बोर्ड आणि एसएसडी ठीक आहेत हे या एकाच फेरीत कळलं. जुना संच परत लावून पाहण्यासारखी दुसरी तपासणी नाही, आणि कंटाळ्यापोटी हीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

बायॉस टाकण्याआधी बोर्डाच्या सीपीयू यादीत ५७००एक्ससमोर लिहिलेली किमान आवृत्ती पाहिली आणि डाउनलोडच्या पानावरच्या तळटीपा वाचल्या. काही बोर्डांना मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते, थेट उडी चालत नाही. काही बोर्डांवर बायॉस चिप १६ एमबीचीच असल्याने नव्या आवृत्तीतून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकलेला असतो. २६००वर बसून ती आवृत्ती टाकली की पुढच्या बूटला २६००च चालत नाही. ते ठाऊक नसेल तर फ्लॅश बिघडला असं वाटून लोक बोर्ड दुरुस्तीला नेतात.

अपडेट बायॉसच्या आतल्या फ्लॅश युटिलिटीतून केलं. विंडोजमधून करायचं टाळावं, मध्येच काही अडकलं तर सावरायला जागा उरत नाही. वीज जायची शक्यता असेल तर यूपीएसवर घ्यावं. त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर (ड्राइव्हचं एन्क्रिप्शन) चालू आहे का ते पाहून तो सस्पेंड केला आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवली. त्याचं कारण नोंद ४मध्ये आहे. होम आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने हेच चालू असू शकतं.

नोंद ३: डीरॅमचा दिवा, आणि एक वाकडी पिन

५७००एक्स परत बसवल्यावर सीपीयूचा दिवा गेला आणि डीरॅमचा लागला. नव्या सीपीयूवर पहिल्या बूटला रॅमचं ट्रेनिंग (सीपीयूशी जुळवाजुळव) होतं. त्यात यंत्र दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतं. एएम४वर (या बोर्डाचं सॉकेट) एक-दोन मिनिटं थांबावं, डीडीआर५च्या एएम५वर याहून बरंच जास्त. इथे पाच मिनिटं थांबूनही दिवा गेला नाही.

एसएमपीएसचं बटण बंद करून, प्लग काढून, पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून उरलेली वीज काढली. बायॉसच्या सेटिंग पुसणाऱ्या, क्लिअर सीमॉसच्या दोन पिना १० सेकंद जोडल्या. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास होता. फरक पडला नाही.

मग एकेक स्टिक. बोर्डावर स्टिक सीपीयूपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ आणि बी२मध्ये जातात. एकाच टोकाला खटका असलेल्या स्लॉटमध्ये खटक्याचं टोक ‘टक’ वाजतं आणि कार्डाकडचं टोक अर्धा मिलिमीटर वर राहून जातं, म्हणून तिथे बोटाने वेगळं दाबून पाहावं. निकाल असे आले:

पहिली स्टिक ए२मध्ये: पोस्ट झालं.
दुसरी स्टिक ए२मध्ये: पोस्ट झालं.
कोणतीही स्टिक एकटी बी२मध्ये: डीरॅमचा दिवा.
कोणतीही स्टिक एकटी बी१मध्ये: तेच.

म्हणजे दोन्ही स्टिक निर्दोष आणि बी चॅनल (बी१-बी२ स्लॉटचा मार्ग) पूर्ण बंद. रॅमचा कंट्रोलर सीपीयूच्या आत असतो आणि प्रत्येक चॅनलच्या पिना वेगळ्या असतात. दोन तासांपूर्वी २६००वर दोन्ही स्लॉट चालत होते, तेव्हा बोर्डाचा स्लॉट मेला असण्यापेक्षा सीपीयूची पिन वाकली असण्याचा संभव जास्त होता. सीपीयू काढून उलटा केला. कडेच्या ओळीतली एक पिन शेजारणीवर रेललेली होती.

ती कधी वाकली ते ओळखणं कठीण नाही. पहिल्या फेरीत ५७००एक्स काढताना तो कूलरला चिकटून सॉकेटमधून उपसून आला होता. एएम४च्या सॉकेटची दांडी पिनांना बाजूने पकडते, वरून चिपला धरून ठेवणारं काही नसतं. थंड, घट्ट झालेली पेस्ट त्या पकडीहून जोरकस ठरते. कूलर काढायची रीत अशी: यंत्र चालत असेल तर दहा मिनिटं थोड्या लोडवर चालवून पेस्ट कोमट करावी, बंद करून प्लग काढावा, क्लिप सोडवावी, कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा पिरगाळावा आणि सुटल्याची जाणीव झाल्यावरच उचलावा. पोस्टच न होणाऱ्या यंत्रावर पेस्ट तापवता येत नाही. तिथे पिरगाळण्याला जास्त वेळ द्यावा, किंवा हेअर ड्रायरने हीटसिंकच्या तळाला ऊब द्यावी. सरळ वर ओढू नये.

पिन सरळ करायला लेड काढलेली मेकॅनिकल पेन्सिल वापरली. तिची धातूची नळी पिनेवर टोपीसारखी बसते. बाजूने मोबाइलचा टॉर्च लावून ओळीच्या रेषेत पाहत एका वेळी केसभरच हलवायचं. एकाच झटक्यात सरळ करायला गेलं की पिन तुटते, आणि एकच पिन पुन्हा पुन्हा मागेपुढे केली तरी तुटते. अख्खी ओळ कललेली असेल तर कटरचं पातळ पातं दोन ओळींमधून सरकवावं. शेवटची परीक्षा सॉकेटच घेतं. दांडी वर केलेली असताना, त्रिकोणाला त्रिकोण जुळवून ठेवलेला सीपीयू स्वतःच्या वजनाने आत बसायला हवा. बोटाने दाबावं लागत असेल तर काढून पुन्हा पाहावं.

नवी पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी, आधीची आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. यानंतर बी चॅनल जिवंत झाला आणि ३२ जीबी पूर्ण दिसले.

इथे खोडरबराबद्दल थोडं. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायचा उपाय आपल्याकडे घरोघरी चालतो, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत दोन वर्षं पडून राहिलेल्या जुन्या स्टिकला तो लागूही पडतो. पण त्यात मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. पाकिटातून नुकत्याच काढलेल्या स्टिकला तर त्याची गरजच नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल आणि धागे न सुटणारं फडकं पुरतं.

नोंद ४: डिस्प्ले आला, विंडोज नाही

व्हीजीएचा दिवा क्षणभर लागून गेला. कार्डाची ८ पिनांची केबल लावलेली होती आणि मॉनिटरची केबलही कार्डातच होती. ५७००एक्समध्ये ग्राफिक्स नाही. केबल बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये लावली तर सगळं नीट असूनही पडदा काळाच राहतो.

पडद्यावर पहिला संदेश एफटीपीएमचा (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणाऱ्या, सीपीयूतल्या टीपीएमचा) होता: नवा सीपीयू बसवला आहे, एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन. हा टीपीएम सीपीयूशी बांधलेला असतो, त्यामुळे जुन्या किल्ल्या नव्या चिपवर चालत नाहीत. वाय दाबलं की त्या पुसल्या जातात आणि बिटलॉकर सस्पेंड केलेला नसेल तर विंडोज ४८ अंकी की मागतं. ती हाताशी नसेल तर एन दाबून थांबावं आणि आधी की शोधावी. इथे कागद तयार होता, वाय दाबलं.

त्यानंतर यंत्र बायॉसमध्येच येऊन थांबू लागलं. एसएसडी यादीत दिसत होती, पण बूटच्या पर्यायांत नव्हती. बायॉस अपडेटने सगळ्या सेटिंग मूळपदावर नेल्या आणि नव्या आवृत्तीत सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने बूट करू देणारा पर्याय) बंद होता. विंडोज मात्र जुन्या लेगसी पद्धतीने, एमबीआर (जुन्या धाटणीच्या पार्टिशन तक्त्याच्या) डिस्कवर टाकलेलं. शुद्ध यूईएफआयला (बूटच्या नव्या पद्धतीला) ते बूट करता येत नाही.

सीएसएम तात्पुरता चालू केला आणि विंडोज लगेच आलं. तसंच सोडून देता आलं असतं, पण सीएसएम चालू असेपर्यंत रीसायझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालत नाही, आणि ६६०० एक्सटी घेतल्यावर ते सोडणं पटत नाही. म्हणून बॅकअप घेऊन विंडोजमध्येच असलेलं, एमबीआर डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं एमबीआरटूजीपीटी वापरलं: आधी व्हॅलिडेट, ते पास झाल्यावर कन्व्हर्ट, दोन्ही वेळा चालत्या विंडोजमधून करण्याची मुभा देणारा अलाव-फुल-ओएस हा पर्याय जोडून. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर व्हॅलिडेटच अडतं. एक जुनं, रिकामं डी ड्राइव्ह उडवल्यावर ते पास झालं. बायॉसमध्ये सीएसएम बंद, रीसायझेबल बार आणि त्याला लागणारं अबव्ह ४जी डिकोडिंग चालू. बूट झालं.

नोंद ५: आजची स्थिती

रॅम अजून मूळ वेगावर होती. एक्सएमपीने (रॅमच्या जाहीर वेगाच्या तयार सेटिंगने) ३६०० दिल्यावर यंत्र तीनदा अडखळून मूळ वेगावर परत आलं. ३६००ला इन्फिनिटी फॅब्रिकचा (सीपीयूच्या आतल्या जोडमार्गाचा) क्लॉक १८०० लागतो, आणि दोष फॅब्रिकमध्ये आहे की रॅममध्ये हे वेगळं करण्यासाठी फॅब्रिक १६००वर बांधून रॅम ३२००वर, १.३५ व्होल्टला ठेवली. त्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६च्या चारही फेऱ्या रात्रभरात शून्य चुकांनी पार पडल्या.

पुढची पायरी: फॅब्रिक १८०० आणि रॅम ३२००. हे टिकलं तर दोष रॅमच्या टायमिंगमध्ये, नाही टिकलं तर फॅब्रिकमध्ये, आणि मग एसओसी व्होल्टेज (सीपीयूतल्या रॅम कंट्रोलरच्या भागाचं) १.१च्या आसपास नेऊन पुन्हा पाहायचं. सरळ केलेली पिन नीट टेकत नसेल अशी शंकाही आहेच. तसं असतं तर ३२००वरही एखादी चूक निघायला हवी होती, म्हणून सीपीयू पुन्हा उचलायचं काम सगळ्यात शेवटी ठेवलं आहे.